सेंद्रिय हळदीचा तीन वर्षांचा हिशेब : प्रकल्प नोंदी, वाळवा तालुका

२२ मार्च २०२१

सेंद्रिय शेतकरी गटाच्या नोंदवहीचे रकाने ठरले. प्रत्येक प्लॉटला गट नंबरनिशी एक पान. खर्चाचे रकाने दोन: एक खिशातून गेलेली रोकड, दुसरा घरचे. घरची माणसे, घरचे शेणखत, घरचे बैल हे सगळे दुसऱ्या रकान्यात बाजारभावाने मांडायचे. सेंद्रिय शेती बिनखर्ची असल्याचे जे हिशेब ऐकायला मिळतात, ते बहुतेक या दुसऱ्या रकान्यावर फुली मारून केलेले असतात. घरच्या बाईने दिवसभर खुरपे चालवले, तरी त्या दिवसाची तिची बाहेरची मजुरी बुडतेच.

तुलनेसाठी बांधाला बांध असलेली, पण सभासद नसलेल्या शेतकऱ्याची पट्टी घ्यायची. सभासदाने एका तुकड्यात सेंद्रिय आणि दुसऱ्यात तेच वाण रासायनिक पद्धतीने घेतलेले प्रमाणन संस्थेला चालत नाही. काढणीनंतर दोन्ही माल कोण कसा ओळखणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

५ एप्रिल २०२१

आज फक्त नत्राचा भाव काढला. बाकी सगळे यावर उभे आहे.

हळदीला कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राकडची शिफारस हेक्टरी २००:१००:१०० किलो नत्र, स्फुरद, पालाश. म्हणजे एकरी ८०:४०:४०. स्फुरद डीएपीतून घेतले तर ८७ किलो, म्हणजे पावणेदोन पिशव्या. त्यातून जवळपास १६ किलो नत्रही येते. उरलेल्या ६४ किलो नत्राला युरियाच्या ३ पिशव्या आणि वर थोडा. पालाशसाठी पोटॅशची सव्वा पिशवी. युरिया २६६ रुपये ५० पैसे, डीएपी १,२००, पोटॅश हजाराच्या आसपास. सगळे मिळून एकरी सव्वाचार हजार.

४५ किलोच्या युरियाच्या पिशवीत २०.७ किलो नत्र असते. म्हणजे किलोला १३ रुपये. आता बाकीचे:

धैंचा (गाडायचे हिरवळीचे पीक): बी २० किलो, पेरणी आणि गाडणी धरून एकरी ३,६०० रुपये. बरा वाढला तर २४ ते ३६ किलो नत्र. किलोला सव्वाशेच्या आसपास.

शेणखत: ट्रॉली साधारण ३ टनांची, आमच्याकडे पोच ४,५०० धरली. अर्धा टक्का नत्र म्हणजे १५ किलो. किलोला ३००. त्यातले पहिल्या वर्षी पिकाला एक तृतीयांशच मिळते, बाकीचे पुढच्या पिकांच्या खात्यावर.

निंबोळी पेंड: ५० किलोचे पोते १,४०० ला, नत्र ५ टक्के म्हणजे अडीच किलो. किलोला ५६०. पेंड खत म्हणून परवडत नाही; ती सूत्रकृमी आणि हुमणी या जमिनीतल्या किडींसाठी टाकायची आणि नत्र वरकड धरायचे.

शेणखतात नत्राबरोबर स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्बही येतो, त्यामुळे ही तुलना शेणखतावर थोडी अन्याय करते. तरीही सरकारी अनुदानातला युरिया सोडणे म्हणजे रुपयाची वस्तू दहा ते चाळीस रुपयांना घेणे, हे सभासदांना पहिल्याच बैठकीत सांगायचे. "रासायनिक खताचे पैसे वाचतील" हे वाक्य प्रशिक्षणाच्या तक्त्यातून काढले.

जीवामृताबद्दलही एकदाच लिहून ठेवतो. २०० लिटरच्या पिंपात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. या सगळ्यातले नत्र मिळून दोन-अडीचशे ग्रॅम. एकराला दहा वेळा दिले तरी दोन-अडीच किलो. हे विरजण आहे, दूध नव्हे: शेतात कुजणारे काही असेल तरच त्याचा उपयोग. जीवामृतावर भरवसा ठेवून शेणखत कमी केलेला प्लॉट ऑगस्टमध्ये पिवळा पडतो.

१९ एप्रिल २०२१

पीक कोणते, यावर चर्चा. ऊस पहिल्याच फेरीत बाद. कारखान्याच्या काट्यावर सेंद्रिय आणि रासायनिक उसाला एकच एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर). प्रमाणपत्राला तिथे कोणी विचारत नाही. गूळ केला तर गोष्ट वेगळी, पण त्याला स्वतःचे गुऱ्हाळ लागते. द्राक्ष नको. डाऊनी रोगाच्या वर्षी एका रात्रीत बाग जाते आणि हातात बोर्डो मिश्रणाशिवाय (मोरचूद-चुना) फारसे काही उरत नाही.

हळद ठरली. सुकवलेली टिकते, सांगलीची पेठ जवळ, आणि निर्यातदाराला रासायनिक अंशांशिवायचा माल खरोखर हवा असतो. ओल्या हळदीची सुकी होताना वजन पाचावर एक येते, त्यामुळे कंदात शिरलेला कीटकनाशकाचा अंश घट्ट होत जातो. युरोपात क्लोरपायरीफॉसची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि कंदमाशीसाठी आपल्याकडे सर्रास आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) होते ती त्याचीच. खरेदीदार जादा पैसे मोजतो ते यासाठी.

१० मे २०२१

प्रमाणनासाठी नोंदणी झाली. आजपासून घड्याळ सुरू.

पीजीएस (शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यायची पद्धत) की एनपीओपी (त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र), यावर दोन मते होती. पीजीएसला पाच शेतकऱ्यांचा गट पुरतो, खर्च नगण्य, आणि परंपरागत कृषी विकास योजनेची मदत त्याच वाटेने येते: यंदाच्या दराने हेक्टरी ५०,००० तीन वर्षांत, त्यातले ३१,००० थेट शेतकऱ्याच्या निविष्ठांसाठी. एकराच्या हिशेबात वर्षाला चार हजारांच्या आसपास. पण पीजीएसवर निर्यात होत नाही. ज्याला पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला हळद पावडर पुड्यांत विकायची आहे त्याला पीजीएस उत्तम. आमचा माल पोत्यांनी जाणार, म्हणून एनपीओपी, गट पद्धतीने. त्याला किमान २५ शेतकरी आणि अंतर्गत नियंत्रण प्रणाली लागते. म्हणजे प्रत्येक प्लॉटची आपल्याच माणसाने केलेली तपासणी, नकाशे, बिले, डायऱ्या. प्रमाणपत्राच्या फीपेक्षा या कागदांना जास्त वेळ जातो.

आता घड्याळ. हंगामी पिकाला रूपांतरण काळ (रासायनिक निविष्ठा बंद करून थांबायचा काळ) पेरणीपूर्वी दोन वर्षे. मोजायचे पेरणीपर्यंत, काढणीपर्यंत नाही. म्हणजे १० मे २०२३ नंतर लावलेलीच हळद सेंद्रिय म्हणून विकता येईल, आणि ती बाजारात येणार मार्च-एप्रिल २०२४ मध्ये. खर्च आजपासून, जादा पैसा तीन वर्षांनी.

म्हणून या दोन वर्षांत हळद लावायचीच नाही. हळदीला एकरी १० क्विंटल बेणे आणि सगळ्यात जास्त शेणखत लागते. एवढा खर्च करून माल साध्या भावात घालण्यात अर्थ नाही. शिवाय हळदीवर हळद घेतली की कंदकूज ठरलेली. मधली दोन वर्षे कडधान्ये आणि सोयाबीन. ती नत्र स्वतः आणतात, त्यामुळे रासायनिक खत बंद झाल्याचा फटका त्यांना कमी बसतो. २०२१ खरीप सोयाबीन, रब्बी हरभरा. २०२२ लाही तसेच, फक्त ज्यांना खायला लागतो त्यांनी अर्ध्यात गहू. मार्च २०२३ ला धैंचा, मे अखेर हळद.

१४ जून २०२१

सोयाबीनच्या बियाण्याचा घोळ. दुकानातली बहुतेक बॅग बुरशीनाशक लावलेली येते आणि ती चालत नाही. घरचे फुले संगम चाळून, उगवण तपासून वापरले: ओल्या गोणपाटावर १०० दाणे, ७० च्या वर उगवले तर पास. रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खते लावून सावलीत सुकवून पेरणी. मळणी यंत्राने वरवंट्यासारखे ठोकलेले बी उगवत नाही, हे यंदा तीन घरी दिसले.

२८ जुलै २०२१

कृष्णेच्या पुराने मळीच्या (नदीकाठच्या) जमिनीतले सगळे प्लॉट गेले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट. पाणी त्याच्या बरेच वर होते. सोयाबीन चार दिवस पाण्याखाली राहिले की संपते, त्यात सेंद्रिय-रासायनिक असा भेद नाही. भेद पुढे आहे: जूनमध्ये टाकलेले १८ टन शेणखत ही सेंद्रिय शेतकऱ्याची ठेव असते. युरियावाल्याचे पुरात एक पोते जाते, याची तीन वर्षांची ठेव जाते.

निर्णय: २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी बुडालेले गट नंबर हळदीच्या यादीतून वगळायचे. तिथे फक्त रब्बी, आणि खत पाऊस सरल्यावर. पुराचे पाणी शिरल्याचे प्रमाणन संस्थेला लेखी कळवले.

१५ नोव्हेंबर २०२१

माळाकडच्या प्लॉटांवर सोयाबीनचा उतारा शेजारच्या पट्ट्यांच्या जवळपास. भाव साधा, अपेक्षेप्रमाणे. फरक आला तो भांगलणीत. शेजाऱ्याने तणनाशक मारले: औषध आणि फवारणी मिळून दीड हजार. आमच्याकडे दोन भांगलणी, प्रत्येकी १० बाया, २५० मजुरी: ५,००० रुपये. साडेतीन हजारांचा हा खड्डा दोन वर्षे स्वतःच्या खिशातूनच भरायचा आहे.

बाया मिळण्याचा प्रश्न मजुरीपेक्षा मोठा. जुलैत सगळ्या शिवाराला एकदमच खुरपे लागते. आठवडा उशीर झाला की १० बायांचे काम १६ वर जाते. त्यावर दोन उपाय लागू पडले. पहिला, पेरणीपूर्वी रान भिजवून तण उगवू द्यायचे आणि कुळवाच्या पाळीने मोडायचे. दुसरा, पेरणीनंतर विसाव्या दिवसाच्या आत सायकल कोळपे. तण दोन पानांवर असेल तरच ते मरते. पैऱ्याने (एकमेकांच्या रानात आळीपाळीने) भांगलण करण्याचा ठराव झाला. टिकतो का पाहू.

३० जून २०२२

डीएपी आता १,३५०, पोटॅश १,७०० च्या घरात. हळदीच्या शिफारस मात्रेचा खर्च सव्वाचार हजारांवरून ५,४०० च्या पुढे गेला. सभासदांत उत्साह आहे, पण युरिया जिथल्या तिथेच आहे आणि ट्रॉलीचा भावही चढतोय. रासायनिक खत महागले की शेणखताला गिऱ्हाईक वाढते. हे दोन्ही भाव एकमेकांच्या मागे चालतात.

९ ऑक्टोबर २०२२

शेणखताची तपासणी. बाहेरून आणलेल्या ट्रॉल्यांत अर्धे खत अर्धवट कुजलेले. त्याचे तोटे तीन: हुमणीची अळी सोबत येते, गाजरगवताचे आणि हरळीचे बी येते, आणि रानात कुजताना ते उलट पिकाचेच नत्र ओढते. स्वस्त ट्रॉलीमागे भांगलणीचा एक जादा फेरा धरायचाच.

आता नियम असा: हळदीला लागणारे खत आदल्या पावसाळ्यानंतर खरेदी करून बांधावर ढीग लावायचा. रुंदी ६ फूट, उंची ४ फूट, लांबी जागेप्रमाणे. थर ओला करत जायचे. मुठीत दाबल्यावर बोटे ओली व्हावीत, पाणी टपकू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत हात घातला तर चटका बसला पाहिजे. तापला नाही तर ढीग कोरडा आहे किंवा माती जास्त आहे. महिन्याने पलटी, परत महिन्याने पलटी. हुमणीसाठी मेटारायझियम बुरशी शेवटच्या पलटीनंतर, ढीग निवल्यावर; आधी घातले तर उष्णतेने मरते.

जनावरांची मोजणीही झाली. एका गाई-म्हशीमागे वर्षाला कुजून दोन-सव्वादोन टन खत पडते. हळदीच्या एकराला ६ ट्रॉल्या, १८ टन. म्हणजे आठ जनावरे. हळद तीन वर्षांनी एकदाच त्या रानात येते, त्यामुळे सरासरी एकरी पावणेतीन जनावरे. गटात बहुतेकांच्या दारात दोन ते चार. चार एकर रूपांतरित करायला निघालेल्याला खत विकत घ्यावेच लागणार, आणि तिथेच त्याचा हिशेब बिघडतो.

२४ जानेवारी २०२३

बैठकीत एका तात्यांनी विचारले, "एक पोतं युरिया रातचं टाकलं तर तपासणीत कुणाला कळतंय?" प्रश्न खरा आहे. अंश तपासणीत युरिया दिसत नाही. पण युरिया आता आधार आणि अंगठा देऊन मशीनवरच मिळतो, त्याची नोंद राहते, आणि गट प्रमाणपत्रात एकाचे उघडे पडले की गंडांतर सगळ्यांवर. ज्यांच्या घरात ऊसही आहे त्यांनी ऊसही घड्याळात आणावा किंवा उसाच्या खताचा साठा आणि नोंद वेगळी दाखवावी, असे ठरले. नाराजी झाली. दोन सभासद बाहेर पडले. जबरदस्तीने ठेवण्यापेक्षा ते बरे.

२५ मे २०२३

धैंचा मार्चअखेरीस पेरला होता, पाटाने पाणी देऊन. ४५ व्या दिवशी, फुलोरा दिसताच गाडला. निबर झाला की खोड लाकडासारखे होते आणि रोटावेटरला गुंडाळते. गाडल्यावर पंधरा दिवस एक हलके पाणी देऊन कुजू दिला.

हळद लागवड सुरू. रुंद वरंबा, साडेचार फुटी, ठिबक. वाण सेलम. बेणे एकरी १० क्विंटल, जेठे गड्डे (मातृकंद), ४० ग्रॅमच्या वरचे. बेण्याला रासायनिक द्रावणात बुडवणे बंद. ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास या उपयुक्त बुरशी-जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास. शिवाय एकरी २ किलो ट्रायकोडर्मा २०० किलो ओलसर शेणखतात मिसळून सावलीत आठवडाभर गोणपाटाखाली ठेवलेले वरंब्यावर. पेंड २०० किलो.

लागवडीवर लगेच उसाचे पाचट पसरले. वाळव्यात पाचटाला तोटा नाही, लोक पेटवून देतात. बाहेरचे असल्याने संस्थेला आधी कळवावे लागते. पाचट वरच ठेवायचे. मातीत मिसळले तर कुजताना नत्र खाते.

नत्राचा ताळा: शेणखतातून पहिल्या वर्षी ३० किलो, धैंच्यातून १६ धरले, पेंडीतून १०. एकूण ५६. शिफारस ८०. ही २४ किलोंची तूट उत्पन्नात दिसणारच.

१८ ऑगस्ट २०२३

सांगली पेठेत हळद उसळली आहे. गेल्या वर्षी सहा-सात हजारांत असलेला क्विंटल आता दुपटीच्या पुढे. सगळे खूश, पण खरेदीदाराबरोबरच्या कराराचा कागद पुन्हा काढून बसावे लागले. त्याचा मसुदा म्हणतो: पेठेच्या भावावर क्विंटलला २,५०० जादा.

जादा खर्च एकरी असा: शेणखताच्या ४ जादा ट्रॉल्या १८,०००, धैंचा ३,६००, पेंड ५,६००, भांगलणीचे ३ जादा फेरे, १२ बाया, ३०० मजुरी, १०,८००, जैविक निविष्ठा ३,०००, प्रमाणपत्राचा वाटा १,५००. बेरीज ४२,५००. वाचले: शिफारशीची खते ५,४००, आणि विद्राव्य खते, आळवण्या, तणनाशक मिळून १७,००० च्या आसपास. निव्वळ जादा २०,०००.

शेजाऱ्याची सुकी हळद एकरी २५ क्विंटल धरली आणि आमची २० टक्के घट धरून २०. पेठेचा भाव ७,००० असताना बरोबरीला ९,७५० लागतात, म्हणजे २,७५० जादा. भाव १५,००० असताना बरोबरीला १९,७५० लागतात, म्हणजे ४,७५० जादा. पेठ चढली की घटलेले ५ क्विंटल महाग होतात. ठरावीक रुपयांचा जादा भाव तेजीत आपल्याला मारतो. टक्केवारीत मागायचा, आणि मंदीसाठी खाली रुपयांची किमान हमी.

घट १० टक्क्यांवर आणली तर १५,००० भावाला २,५५० जादा पुरतात. २० टक्के घटीच्या तुलनेत हा फरक २,२०० रुपयांचा आहे. खर्च पाच हजारांनी कमी करण्यापेक्षा दोन ट्रॉल्या वाढवून उत्पन्न राखणे फायद्याचे.

६ सप्टेंबर २०२३

कंदमाशी दिसते. भरडलेले एरंडीचे बी २०० ग्रॅम, दीड-दोन लिटर पाण्यात, एकरी ५-६ भांडी. आठ-दहा दिवसांत वास सुटला की माश्या येऊन पडतात. उघडे पडलेले गड्डे मातीने झाकणे याहून महत्त्वाचे, माशी तिथेच अंडी घालते. ज्यांची भरणी (वरंब्याला माती चढवणे) लांबली त्यांच्याकडेच प्रादुर्भाव जास्त.

२६ फेब्रुवारी २०२४

काढणी चालू. ६ ट्रॉल्या, धैंचा आणि पाचट असे तिन्ही केलेल्या प्लॉटांवर घट दहा टक्क्यांच्या आसपास. ४ ट्रॉल्यांवर भागवलेल्यांची पंचविसाच्या पुढे. धैंचा पाण्याअभावी न झालेल्या ठिकाणी गड्डे जाड पण हळकुंड तोकडे.

शिजवणीचा कुकर भाड्याचा, दिवसाला पाच ठिकाणी फिरणारा. सेंद्रिय माल सकाळी पहिल्यांदा, ड्रम धुऊन, आणि धुतल्याची नोंद सहीनिशी. पॉलिशच्या ड्रमात आदल्या मालाची भुकटी अंगठाभर साचलेली असते. ती झाडून पहिली दहा किलो हळकुंडे फिरवून बाजूला काढायची आणि साधा माल म्हणून विकायची. वाळवण ताडपत्रीवर, रस्त्यावर नाही.

१२ एप्रिल २०२४

नमुने तपासणीला गेले. एका प्लॉटात कीटकनाशकाचा अंश सापडला. शेताची डायरी स्वच्छ, पण एरंडीच्या भांड्यांबरोबर निंबोळी अर्क फवारायला आणलेला पंप भाड्याचा होता. गटाने दोन पंप घेऊन त्यांवर हिरवा पट्टा मारायचा. त्या प्लॉटाचा माल वेगळा काढून साध्या सौद्यात घातला. शेजारच्या उसाकडची पाच ओळींची पट्टी आधीपासूनच वेगळी काढली जाते.

साठवण: पेठेतल्या गोदामांत ॲल्युमिनियम फॉस्फाईडची धुरी देतात. एकदा धुरी लागली की प्रमाणपत्र गेले, मग शेतात तीन वर्षे काय केले याला किंमत नाही. माल गावातल्या खोलीत, लाकडी फळ्यांवर, नव्या पोत्यांत, ओलावा १० टक्क्यांच्या आत. ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट (त्या विक्रीचा माल सेंद्रिय असल्याचा संस्थेचा दाखला) ट्रकच्या आधी निघाले पाहिजे. अर्ज पंधरा दिवस आधी.

नव्या हंगामाच्या यादीत एकर मंजूर करताना दारातली जनावरे आणि भांगलणीला येणारी घरची माणसे हे दोन रकाने आधी भरायचे. प्रत्येकी एक एकराच्या वर मंजुरी नाही, ज्याच्या बांधावर ऑक्टोबरात ढीग लागलेला दिसेल तो वगळून.